जैतापूरची जनसुनावणी आणि कोयनेचे लेखी निवेदन

कोयना धरणाचा आराखडा केला तेव्हा भूकंपासाठी ०.०५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के इतका आडवा जोर धरला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने ०.६३ जीपर्यंत नोंद केली. उंच ब्लॉकना दोन्ही अंगांनी आडव्या भेगा गेल्या. धरण उभे राहिले, कोयनानगर कोसळले. पाटण-कराडकडे हा भूकंप घरोघरी माहीत आहे. हे दोन आकडे मात्र शेजारी-शेजारी ठेवून फार कमी वेळा पाहिले जातात. एखाद्या अणुप्रकल्पाचा पर्यावरण अहवाल वाचायला घेताना तेच आधी डोळ्यांसमोर असावेत, कारण त्यातला कळीचा प्रश्न एकच असतो: काय गृहीत धरले आणि का?

जैतापूर अणुवीज प्रकल्पाची माडबनची जागा कोयनानगरपासून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटरवर आहे. तिथे प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, असा प्रस्ताव आहे. जनसुनावणी १६ मे २०१० रोजी झाली आणि पर्यावरण मंजुरी २८ नोव्हेंबर २०१० रोजी मिळाली. या कागदपत्रांत वर्तुळे अनेक असतात. हवा, पाणी, शेती, जैवविविधता यांची मूळ स्थिती बहुतेक अहवालांत १० किलोमीटरच्या आत मोजतात. आणीबाणीचे नियोजन १६ किलोमीटरपर्यंत असते. भूकंपाचा अभ्यास मात्र साधारण ३०० किलोमीटरचा असतो. म्हणजे कोयनेचा भूकंप अहवालाच्या आत असतो आणि कोयनेचा माणूस सुनावणीच्या बाहेर. ही गोष्ट मला खटकते, पण त्यावर उपाय नियमातच आहे.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत लोकांचा सहभाग दोन प्रकारचा आहे. जागेवरची जनसुनावणी स्थानिक बाधितांसाठी असते. ज्यांचा प्रकल्पाशी संबंध दाखवता येतो अशा इतरांची मते लेखी घेतली जातात. पाटण, कराड, शिराळा इथला माणूस या दुसऱ्या दारातून आत येतो. निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात आपला संबंध लिहावा: कोयना परिसरात राहतो, इथल्या भूकंपाची आकडेवारी प्रकल्पाच्या भूकंपीय अभ्यासात वापरली आहे, म्हणून हे निवेदन.

आता अहवाल आणि सुनावणी यांतून मिळणाऱ्या सवलतींकडे. अणुवीज प्रकल्प कितीही मेगावॉटचा असो, तो 'अ' गटात येतो, म्हणजे निर्णय दिल्लीत होतो. त्यामुळे अणुप्रकल्पाला सूट नाही असे वाटते. पण अधिसूचनेत राष्ट्रीय संरक्षण, सुरक्षा आणि 'इतर सामरिक बाबी' असलेल्या प्रकल्पांना लोकसहभागातून वगळले आहे, आणि सामरिक काय ते केंद्र सरकार ठरवते. वीज प्रकल्पाला हा शिक्का आपोआप बसत नाही; जैतापूरला सुनावणी झालीच. दुसरी सूट विस्ताराची. चालू प्रकल्पाची क्षमता वाढवायची असेल तर नवा अहवाल आणि सुनावणी लागेल का, हे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची तज्ज्ञ मूल्यांकन समिती ठरवू शकते. तिसरी सूट तारखेची. तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुप्रकल्पाच्या पहिल्या दोन संचांना १९८९ मध्येच मंजुरी मिळाली होती. सुनावणीचा नियम नंतर आला, म्हणून त्यांना सुनावणी लागू झाली नाही, आणि ६ मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला.

चौथीला कोणी सूट म्हणत नाही, पण माझ्या मते सर्वांत मोठी तीच. एप्रिल २०२२ च्या दुरुस्तीने मंजुरीची मुदत अणुप्रकल्पांसाठी १५ वर्षे केली. नदीखोरे प्रकल्पांना १३ आणि बहुतेक इतरांना १० वर्षे आहेत. अणुभट्टी बांधायला वेळ लागतो, हे कारण खरे आहे. पण १५ वर्षांत मासेमारीचे स्वरूप बदलते, वस्ती वाढते, भूकंपाची नवी माहिती येते, आणि मूळ मोजमाप जुनेच राहते. म्हणून मंजुरीच्या अटी पाळल्या का ते सांगणारे सहामाही अनुपालन अहवाल मागून वाचणे हे सुनावणीइतकेच महत्त्वाचे.

निवेदनात काय विचारावे? आधी काय विचारू नये ते सांगतो. 'कोयना धरण फुटले तर पाणी जैतापूरला जाईल का' हा प्रश्न पूर्ण निवेदन हलके करतो. कोयना नदी पूर्वेला वाहते आणि कराडला कृष्णेला मिळते. वीजगृहातून पश्चिमेला सोडलेले पाणी वाशिष्ठीने दाभोळच्या खाडीत जाते. जैतापूरची खाडी बरीच दक्षिणेला आहे. तसेच १०० किलोमीटरवर कोयनेचा धक्का बराच क्षीण होतो, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे.

खरा प्रश्न पुढचा आहे. १९६७ चा भूकंप जलाशयामुळे चाळवला गेला असे मानतात. त्या आधारावर 'असा भूकंप फक्त कोयनेतच होऊ शकतो' असे अहवालात धरले आहे का? की कुठल्याही ज्ञात भ्रंशाशी, म्हणजे खडक जिथे सरकतात त्या भेगेशी, न जोडलेला तेवढाच भूकंप प्रकल्पाच्या जवळ आणून हिशेब केला आहे? दोन्हींतून निघणाऱ्या त्वरणात, म्हणजे वर 'जी'मध्ये मोजलेल्या हादऱ्याच्या जोरात, मोठा फरक पडतो. दुसरे, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा ६.२ तीव्रतेचा भूकंप त्या वेळी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या झोनमध्ये गणल्या गेलेल्या भागात झाला, हे सोबत लिहावे. तिसरे, कराडजवळ हजारमाचीत केंद्र सरकारची खोल विंधनविवरांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. तिच्यासाठी गोठणे इथे ३ किलोमीटर खोल विवर २०१७ मध्ये पूर्ण झाले. २०१० च्या मंजुरीत ही माहिती असणे शक्यच नव्हते. नव्या हिशेबात ती घेतली का, हे विचारावे. चौथे, जागेच्या ५ किलोमीटरच्या आत सक्रिय भ्रंश नाही हे कशावरून ठरवले: खंदक खणून, की उपग्रहाची चित्रे पाहून? प्रत्येक मुद्द्यापुढे अहवालाचे पान आणि तक्त्याचा क्रमांक टाकावा. 'आमचा विरोध आहे' या वाक्याला उत्तर द्यावे लागत नाही; तक्ता क्रमांकाला द्यावे लागते, कारण उपस्थित झालेल्या महत्त्वाच्या मुद्द्यांची दखल घेऊन अहवालाचा मसुदा सुधारणे प्रकल्पकर्त्यावर बंधनकारक आहे.

मुदती पाठ असाव्यात. जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात येते. अहवालाचा सारांश मराठीत मिळालाच पाहिजे. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी असतो. गणपूर्तीची, म्हणजे किमान उपस्थितीची, अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकला तरी सुनावणी वैध ठरते. पूर्ण चित्रीकरण होते आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवतात. लेखी निवेदन सुनावणीच्या आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पोचवून पोच घ्यावी, एक प्रत दिल्लीला मंत्रालयाला पाठवावी.

किरणोत्साराचा प्रश्न विचारला की 'ते अणुऊर्जा नियामक मंडळ पाहील' असे उत्तर हमखास येते. ते खरे आहे. जागा, बांधकाम, चालू करणे, प्रचालन अशा प्रत्येक टप्प्याला त्या मंडळाची संमती लागते, आणि सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा (किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक) जास्त मात्रा मिळू नये ही मर्यादाही तेच राखते. पण त्या टप्प्यांवर जनसुनावणी नाही. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या पीठाकडे ३० दिवसांत करता येते, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात. लवाद ज्या सात कायद्यांखालचे वाद ऐकतो त्यांत जल, वायू, वन, पर्यावरण संरक्षण हे आहेत; अणुऊर्जेचा कायदा नाही. म्हणून भूकंप आणि किरणोत्सार यांचे मुद्दे पर्यावरण अहवालाच्या पानांशी बांधूनच, सुनावणीच्या टप्प्यावर, इतिवृत्तात आले पाहिजेत.