जुनं माळवदाचं घर कॅडवर उतरवताना: माझा अनुभव

कागदावर नकाशा काढणाऱ्या माणसाच्या डोक्यात पहिला प्रश्न स्केलचा असतो. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो. स्क्रीनवर घर खऱ्या मापात काढायचं, तीन मीटरची भिंत ३००० मिलिमीटर म्हणूनच टाकायची. १:५० की १:१०० हे कागद निवडताना ठरतं. हे आधी कुणी नीट सांगितलं नाही, की आपण ४० ने भागून, ५० ने भागून आकडे टाकत बसतो आणि पुढे सगळंच बिघडतं. मीही पहिल्या दिवशी तेच केलं.

शिकायला मी घेतलं ते सोलापुरातल्या जुन्या पेठेतलं एक माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं, घर. रस्त्याकडे ९ मीटर, आत १४ मीटर खोल, सोपा, माजघर, दोन खोल्या, मागे न्हाणी आणि छोटं अंगण. शिकाऊ माणसाने नवा चौकोनी बंगला काढावा असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. बंगल्यात सगळे कोपरे काटकोनात असतात, त्यामुळे कॅड किती अचूक आहे आणि आपलं माप किती ढिलं आहे हे कळतच नाही. माळवदाच्या घरात दीड-पावणेदोन फुटांच्या भिंती असतात, त्या एका टोकाला ५२० तर दुसऱ्या टोकाला ५४५ मिमी भरतात, आणि काटकोन सापडला तर नशीब.

आधी मापं. ३० मीटरची फायबर टेप बाहेरच्या मापांना, ५ मीटरची स्टील टेप आतल्या. स्टील टेपच्या टोकाचा पत्रा थोडा हलतो, म्हणून टेप खराब आहे असं समजून पुष्कळजण तो ठोकून घट्ट करतात. तो मुद्दाम ढिला ठेवलेला असतो. आतून टेकवून किंवा बाहेरून अडकवून माप घेताना पत्र्याची जाडी धरली किंवा वगळली जावी, म्हणून. लेझरचं मापक खोल्यांत फार उपयोगी, साधारण दोन मिमीच्या आत माप देतं. पण सोलापूरच्या उन्हात अंगणात दुपारी त्याचा लाल ठिपका दिसतच नाही. अंगण सकाळी सातच्या आत उरकायचं.

माप घेताना दोन गोष्टी पाळल्या. पहिली, भिंतीवरची मापं तुकड्यातुकड्याने न घेता एका कोपऱ्यापासून सलग: दाराची पहिली कड ८६०, दुसरी १६२०, कोनाडा २१४० ते २६००, शेवट ३४५०. तुकडे घेतले, की प्रत्येक तुकड्यातली तीन-चार मिमीची चूक साठत जाते. दुसरी, प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण. माजघर ३४५० बाय २९८० होतं. काटकोन असता तर कर्ण ४५५९ यायला हवा होता. आले ४५३५ आणि ४५८३. म्हणजे कोपरा अर्ध्या अंशाहून थोडा जास्त सरकलेला. कागदावर हे दिसत नाही, पण पलीकडचा कोपरा सुमारे ३१ मिमी बाजूला जातो, आणि अशा चार खोल्या एकाला एक जोडल्या की मागची न्हाणी शेजारच्या हद्दीत शिरलेली दिसते.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. ऑटोकॅड १९८२ पासून आहे आणि आपल्याकडे इंजिनिअरच्या ऑफिसात बहुतेक तेच चालतं, पण ते वर्गणीवर मिळतं. विद्यार्थी असल्याचं सिद्ध केलं तर शिकण्यासाठी मोफत, दर वर्षी नूतनीकरण करून. लिब्रेकॅड पूर्ण मोफत, फक्त द्विमितीय, डीएक्सएफ प्रकारच्या फाइलवर चालतं. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची स्वतःची फाइल, उघडतं पण कधी अर्धवट, आणि त्या प्रकारात साठवता येत नाही. हात बसेपर्यंत लिब्रेकॅड पुरतं. क्रॅक केलेली प्रत घेऊ नका. कायद्याचं एक असो, तिच्यासोबत संगणकात काय काय शिरतं ते कळायला वेळ लागतो. पुढचं मुख्यतः ऑटोकॅडबद्दल आहे, पण अंतर आणि कोन टाकायची रीत दोन्हीकडे सारखी. संगणकाला द्विमितीय कामासाठी ८ जीबी रॅम पुरते. चाकाचा माऊस मात्र हवाच. चाक दाबून धरलं की नकाशा सरकतो, दोनदा दाबलं की सगळा नकाशा पडद्यावर येतो. टचपॅडवर कॅड शिकणं म्हणजे हातमोजे घालून ज्वारी निवडणं.

नवी फाइल उघडताना टेम्प्लेट, म्हणजे आधीच मांडणी केलेली कोरी फाइल, विचारलं जातं. इथे नावात ‘आयएसओ’ असलेलं घ्यायचं, ते मिलिमीटरचं असतं. दुसरं इंचाचं. चुकीचं घेतलं तर लगेच काही बिघडत नाही, म्हणून कळत नाही. दोन दिवसांनी तुटक रेघा सलग दिसू लागतात, हॅच (भिंतीच्या आत भरायच्या बारीक रेघा) इतका दाट येतो की काळा डाग वाटतो, मापाचे आकडे मुंगीएवढे. मग ‘युनिट्स’ कमांडमध्ये दशांश, शून्य अचूकता, मिलिमीटर. आणखी एक किरकोळ पण वैताग आणणारी गोष्ट: आधी मराठीत काही टाइप केलं असेल आणि की-बोर्ड मराठीवरच राहिला असेल, तर कोणतीच कमांड ओळखली जात नाही. मी अर्धा तास सॉफ्टवेअरलाच दोष देत होतो.

फूट-इंचाचा घोळ वेगळा. गवंडी फुटात बोलतो, महापालिकेला नकाशा मीटरमध्ये लागतो, आणि कुणीतरी फुटात काढून दिलेली जुनी फाइल आपल्याकडे येते. साडेदहा फूट म्हणजे १०.५ फूट, म्हणजे दहा फूट सहा इंच. कागदावर घाईत लिहिलेलं १०.५ हे दहा फूट पाच इंच म्हणून वाचलं जातं, आणि खोली एका इंचाने आखडते. म्हणून घरात मापं घेतानाच मिमीमध्ये घ्यावीत. दुसऱ्याच्या फाइलमध्ये आधी अंतर मोजणारी ‘डिस्ट’ कमांड लावून एखाद्या दाराची रुंदी पाहावी. ९०० आली तर मिमी, ३५ च्या आसपास आली तर इंच, ३ आली तर फूट. इंचावरून मिमीला २५.४ ने, फुटावरून ३०४.८ ने ‘स्केल’ करायचं. काहीच लागत नसेल तर ‘स्केल’मधला रेफरन्स पर्याय: एक ज्ञात रेघ दाखवायची, तिचं खरं माप टाकायचं.

थर, म्हणजे लेअर, सुरुवातीलाच केले: भिंत, दारं-खिडक्या, वरच्या तुळया, मापं, मजकूर, हॅच. भिंतीची रेघ ०.५० मिमी, दारं ०.२५, मापं आणि हॅच ०.१३. रंग आणि जाडी रेघेला न देता थराला द्यायची, म्हणजे नंतर एका ठिकाणी बदललं की सगळीकडे बदलतं. ‘डेफपॉइंट्स’ नावाचा थर आपोआप तयार होतो. त्यावर चुकून काही काढलं तर पडद्यावर दिसतं आणि छापताना गायब होतं. दाराचा ब्लॉक, म्हणजे एकदा काढून पुन्हा पुन्हा ठेवायचं चित्र, ० थरावर काढायचा, म्हणजे ज्या थरावर ठेवू त्याचे गुण तो घेतो.

आता प्रत्यक्ष खोली. नवशिके एफ८ दाबून ऑर्थो, म्हणजे फक्त आडव्या-उभ्याच रेघा येतील अशी सोय, चालू ठेवतात आणि आयत काढतात. जुन्या घरात इथेच घर खोटं होतं. मी माजघर असं काढलं: खालची भिंत एका रेघेने, सुरुवातीचा बिंदू देऊन @३४५०,०. डाव्या टोकावर केंद्र धरून २९८० त्रिज्येचं वर्तुळ, उजव्या टोकावरून ४५३५ चं. दोन वर्तुळं वर जिथे छेदतात तो डावा वरचा कोपरा. तसाच उजवा कोपरा उजव्या भिंतीच्या मापाने आणि ४५८३ च्या कर्णाने. मग वरची भिंत आपोआप मिळते, आणि तिचं मोजलेलं माप ताडून पाहायचं. माझ्याकडे ६ मिमीचा फरक आला, तो सोडून दिला. अशा जाड मातीच्या भिंतींत दहा-बारा मिमीपर्यंत मी हरकत घेत नाही. त्याहून जास्त आला तर परत टेप घेऊन जायचं. वर्तुळं मदतीच्या वेगळ्या थरावर काढली, काम झाल्यावर तो थर बंद. छेदाचा बिंदू डोळ्याने पकडायचा नाही. एफ३ ने स्नॅप, म्हणजे नेमका बिंदू पकडणारी सोय, चालू करून त्यात एंडपॉइंट (रेघेचं टोक) आणि इंटरसेक्शन (छेद) दोन्ही ठेवायचे. स्नॅपशिवाय काढलेल्या रेघा जुळल्यासारख्या दिसतात, झूम केलं की दोन मिमीचं अंतर उघडं पडतं.

भिंतीची जाडी ‘ऑफसेट’ने टाकायचा मोह होतो. ऑफसेट समांतरच रेघ देतो आणि ही भिंत समांतर नाही. प्रत्येक खोली आतून वेगळी काढली, आणि शेजारच्या खोलीला दाराने जोडली, कारण दाराच्या चौकटीतून भिंतीची जाडी मोजता येते आणि तेच दार दोन्ही खोल्यांत दिसतं. खोल्या अशा बसल्या की मधली भिंत उरते. शेवटी बाहेरचं सलग माप १३९४० होतं, नकाशात १३९०५ आलं. ३५ मिमीचा फरक शोधायला गेलो तर एका भिंतीची जाडी मी दारापाशीच घेतली होती, पुढे ती पोट काढून बसलेली.

कोनाडे आणि देवळ्या जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर घर कापल्यासारखं समजून काढायच्या. त्याहून वरचे कोनाडे आणि छताच्या तुळया तुटक रेघेने. तुळया काढल्याच पाहिजेत. खण, म्हणजे दोन तुळयांमधला गाळा, कुठून कुठे आहे हे कळल्याशिवाय माळवद उतरवून स्लॅब टाकायची चर्चा करणं व्यर्थ आहे.

दोन रेघा कोपऱ्यात नेमक्या जोडायला ‘फिलेट’ कमांड, त्रिज्या शून्य. २०२१ पासूनच्या ऑटोकॅडमध्ये जास्तीची रेघ छाटणारा ‘ट्रिम’ थेट रेघेवर टेकवला की कापतो. त्याआधीच्या आवृत्तीत आधी कापणारी रेघ निवडून एंटर लागतो. एकाच ऑफिसात दोन्ही आवृत्त्या असतील, तर शिकवणारा एक सांगतो आणि आपल्याकडे दुसरंच होतं. हॅच भरत नसेल तर भिंतीचा आकार कुठेतरी उघडा असतो. तिथे परत शून्याचा फिलेट. बांधकामाची जागा सर्व्हेवाल्याच्या फाइलवरून उचलली असेल तर आणखी एक अडचण येते. ती फाइल यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगायच्या पद्धतीत असते. सोलापूर तिच्या ४३ उत्तर विभागात येतं, म्हणजे उत्तरेकडचा आकडा साडेएकोणीस लाख मीटरच्या आसपास. तो मिमीमध्ये नेला की आकडे इतके मोठे होतात की हॅच विस्कटतो, रेघा थरथरतात. घर शून्याजवळ आणून काढायचं.

मापांचे आकडे दोन्ही पद्धतींत दिले. डायमेन्शन स्टाइलमध्ये मुख्य मापाला ०.००१ चा गुणक, दोन दशांश, म्हणजे मीटर. पर्यायी मापाला ३९.३७०१ चा गुणक आणि आर्किटेक्चरल मांडणी, म्हणजे फूट-इंच. गवंड्याला एकच कागद पुरतो. आकडा चुकीचा वाटला म्हणून डायमेन्शनचा मजकूर हाताने बदलणं ही मात्र लबाडी आहे. रेघ चुकीची राहते, आकडा बरोबर दिसतो, आणि पुढचा माणूस त्याच रेघेवरून लोखंडाचं माप काढतो.

आता कुठे स्केल येतं. छापल्यावर आकडे २.५ मिमी उंच हवे असतील, तर १:५० ला मॉडेलमध्ये, म्हणजे घर खऱ्या मापात काढलेल्या जागेत, ते १२५, १:१०० ला २५०. मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन येत असतील तर टेक्स्ट स्टाइलला एसएचएक्स, म्हणजे ऑटोकॅडचा स्वतःचा, फाँट आहे; मंगलसारखा युनिकोड फाँट लावायचा. लेआऊटमध्ये, म्हणजे छापायच्या कागदाच्या पानावर, ए३ कागद, ४२० बाय २९७. ९ बाय १४ मीटरचं घर १:५० ला १८० बाय २८० मिमी होतं, बाजूला मापांना जागा उरते. व्ह्यूपोर्टला, म्हणजे कागदावर घर दाखवणाऱ्या खिडकीला, स्केल दिलं की लगेच लॉक. नाहीतर आत जाऊन चाक फिरवलं की स्केल गेलं, आणि ते कळतही नाही.

रंगाचा प्रश्न परवानगीच्या वेळी येतो. रोजच्या कामाला मोनोक्रोम प्लॉट स्टाइल, म्हणजे सगळं काळ्यात छापायची मांडणी, चांगली, पिवळ्या रेघा फिकट येत नाहीत. पण राज्याच्या बांधकाम परवानगीच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार दाखल करायच्या नकाशात पाडायचं बांधकाम पिवळ्यात आणि नवं लाल रंगात दाखवायचं असतं, तिथे मोनोक्रोम लावून उपयोग नाही. त्या नकाशावर परवानाधारक इंजिनिअरची किंवा आर्किटेक्टची सही लागते. आपला नकाशा त्याच्यासाठी कच्चा माल.

फाइल जपायची रीत: वीज जाते हे धरूनच चालायचं. आपोआप साठवण्याची वेळ दहा मिनिटांची असते, ती पाचवर आणली. फाइल बिघडली तर शेजारची .बॅक फाइल कॉपी करून तिचं शेपूट .डीडब्ल्यूजी करायचं, ती मागच्या वेळी साठवलेली असते.

आणि छपाई. नकाशाच्या कोपऱ्यात, कागदावर १०० मिमी भरेल अशी एक रेघ काढून ठेवली होती. आधी पीडीएफ, ‘फिट टू पेपर’ची खूण काढून, मग पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे. पहिल्या कागदावर फूटपट्टी लावली तर रेघ ९६ भरली. त्याच्या मशीनवर ‘श्रिंक टू फिट’ लावलेलं होतं. ‘ॲक्च्युअल साइझ’ निवडायला सांगितलं, ए३ ट्रे बदलला, दुसऱ्या कागदावर ती १०० भरली.