केनिया: आधी विचारपूस, मग काम

दहा दिवसांच्या केनिया प्रवासात आम्ही अभयारण्ये मुद्दाम वगळली होती, कारण आम्हांला तिथल्या माणसांचा रोजचा दिवस पाहायचा होता. नैरोबीहून मोंबासाला २०१७ साली सुरू झालेल्या मदाराका एक्सप्रेस या रेल्वेने आणि तिथून पुढे लामू या बेटावरच्या गावाला गेलो. रेल्वेची दोन्ही स्थानके शहराच्या मध्यापासून लांब असल्याने हाताशी भरपूर वेळ ठेवूनच निघावे.

पहिल्याच सकाळी एका दुकानात मी थेट किंमत विचारली, तेव्हा दुकानदाराने शांतपणे "हबारी?" म्हणून माझी खुशाली विचारली आणि माझे उत्तर मिळाल्यावरच भाव सांगितला. विचारपूस झाल्याखेरीज कामाचे बोलणे तिथे उद्धटपणाचे वाटते. किनाऱ्यावर वडीलधाऱ्यांना "शिकामो" म्हणतात आणि ते "मराहाबा" असे उत्तर देतात; "शिकामो"चा मूळ अर्थ "आपले पाय धरतो" असा सांगतात, हे कळल्यावर मला आमच्या घरातला वाकून केलेला नमस्कार आठवला. एवढे दोन शब्द पाठ करून जावेतच. तिथल्या स्वाहिली भाषेतले दुका, गारी, पेसा हे शब्द तर मराठी कानाला शिकवावेही लागत नाहीत.

वेळेच्या बाबतीत मात्र सावध राहावे. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजले जाते, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे "सा मोजा", अर्थात एक वाजला. लामूत नावाड्याने "सा तातू" सांगितले. तातू म्हणजे तीन एवढेच ठाऊक असल्यामुळे आम्ही दुपारी तीनला धक्क्यावर पोहोचलो, आणि नाव सकाळी नऊलाच गेलेली होती. वेळ ठरवताना सकाळ की संध्याकाळ आणि कोणत्या घड्याळाप्रमाणे, हे दोन्ही विचारून घ्यावे.

शाकाहारी माणसाची तिथे आबाळ होत नाही. मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उगाली उजव्या हाताने तोडून तिचा गोळा करतात, अंगठ्याने त्यात खळगा पाडतात आणि त्यानेच भाजी उचलतात. सोबतच्या स्वस्त पालेभाजीचे नाव सुकुमा विकी, म्हणजे आठवडा ढकलणारी. महिनाअखेरीचा संसार ज्याने चालवला आहे, त्याला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही. नारळाच्या दुधातली राजम्यासारखी घेवड्याची उसळ मला सर्वांत आवडली.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण भारतात परतताना तिचा दाखला मागतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून कडक बंदी असल्याने चिवडा-लाडू डब्यांतूनच न्यावेत. लामू हे मुस्लिम वस्तीचे जुने गाव आहे. तिथे खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र काढू नये.

मोंबासात कांगा अवश्य घ्यावा. हे रंगीत कापड जोडीने विकतात आणि त्यावर स्वाहिलीत एक वाक्य छापलेले असते, कधी आशीर्वादाचे, तर कधी शेजारणीला मारलेल्या टोमण्याचे. सासूबाईंसाठी मी रंग पाहून एक जोड उचलला होता. कोणासाठी घेता, असे विक्रेतीने विचारले, मग त्यावरचे वाक्य वाचून तो जोड माझ्या हातातून काढून घेतला आणि दुसरा शोधून दिला.