पित्तनलिकेतला खडा आणि ईआरसीपी: माझा अनुभव

‘दुर्बिणीने खडे काढले’ असं आपण सरसकट म्हणतो, पण दुर्बिणी दोन आहेत. एक तोंडातून जाते आणि पित्तनलिकेतला खडा काढते, ती ईआरसीपी. दुसरी पोटाला छोटी छिद्रं पाडून आत जाते आणि पित्ताशयच काढते, ती लॅप्रोस्कोपी. माझ्या वाट्याला दोन्ही आल्या. पहिलीबद्दल गैरसमज जास्त, म्हणून इथे मुख्यतः तीच.

पित्ताशयातला खडा सरकून मुख्य नलिकेत अडकला की डोळे पिवळे होतात, लघवी गडद आणि शौच फिकट होते. रक्तात बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज वाढतं. सोनोग्राफीत नलिका फुगलेली दिसते (एरवी साधारण ६ मिमीपर्यंत असते), पण खालच्या टोकाचा खडा आतड्यातल्या हवेआड बरेचदा लपतो. मग एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीच्या टोकाने आतून केलेली). नुसत्या संशयावरून थेट ईआरसीपीला तयार होऊ नये असं माझं ठाम मत आहे. कारण पुढे येतंय.

आदल्या तयारीत ६ तास पोट रिकामं, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधीच सांगायच्या. क्लोपिडोग्रेल सहसा ५ ते ७ दिवस बंद ठेवतात, अ‍ॅस्पिरिन बहुधा चालू राहतं. हृदयात स्टेंट असेल तर स्वतःच्या मनाने काहीही बंद करायचं नाही.

टेबलावर पालथं झोपवतात, मान एका बाजूला, दातांमध्ये माउथगार्ड. भुलीनंतरचं काही आठवत नाही. जे घडलं ते रिपोर्ट आणि एक्स-रेवरून समजून घेतलं. या दुर्बिणीचा कॅमेरा टोकाला समोर नसतो, बाजूला असतो, कारण पित्तनलिकेचं तोंड, म्हणजे पॅपिला, लहान आतड्याच्या भिंतीत कडेला असतं. त्यातून ०.०३५ किंवा ०.०२५ इंच जाडीची तार आत सरकवतात. सगळी मेख इथेच आहे. स्वादुपिंडाची नलिकाही त्याच तोंडाशी उघडते. तार चुकून तिकडे पुन्हापुन्हा गेली, पॅपिलाला सूज आली, की स्वादुपिंडाचा दाह होतो. शंभरात साधारण ३ ते १० जणांना हा त्रास होतो; बहुतेकांना सौम्य, काहींना जिवावर बेतणारा. तो टाळायला इंडोमेथॅसिन किंवा डायक्लोफेनॅकची १०० मिग्रॅ सपोझिटरी गुदद्वारातून देतात. दिली का, हे निःसंकोच विचारावं.

तार बरोबर बसली की नलिकेत डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) सोडतात आणि पडद्यावर खडा काळ्या पोकळीसारखा उमटतो (काही यंत्रांवर उलट, पांढरा). मग पॅपिलाला विजेच्या तारेने छोटा छेद देतात आणि खड्याच्या वर फुगा फुगवून खाली ओढतात, नाहीतर तारांच्या जाळीत, डॉर्मिया बास्केटमध्ये, पकडतात. खडा १५ मिमीच्या पुढे असला तर प्रकरण अवघड. छेद दिल्यावर तोंड १२ ते २० मिमीच्या फुग्याने रुंदावतात किंवा खडा आतच फोडतात. बास्केट खड्यासकट अडकून बसणं हा ओळखीचा घोटाळा. तेव्हा खडा फोडायचं अवजार हाताशी लागतंच. नलिका पूर्ण साफ झाली नाही तर प्लास्टिकचा स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ठेवून पित्ताला वाट करून देतात. माझं तेच झालं.

नंतर काही तास तोंडाने काही नाही. घशात खवखव, पोटात गॅस, हे चालतं. पाठीत जाणारी पोटदुखी आणि उलट्या सुरू झाल्या तर रक्तात लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) तपासतात. नेहमीच्या मर्यादेच्या तीन पटींच्या वर गेलं तर दाह धरतात. काळी शौच म्हणजे छेदातून रक्तस्राव. थंडी वाजून ताप म्हणजे स्टेंट तुंबला किंवा नलिकेत जंतुसंसर्ग. तिन्हींत थांबायचं नाही, लगेच रुग्णालय गाठायचं.

ईआरसीपीने पित्ताशयातले खडे जात नाहीत, तिथून पुन्हा खडा सरकू शकतो. म्हणून लॅप्रोस्कोपी लांबवू नये. शक्यतो त्याच भरतीत उरकावी. तिच्यात सहसा चार छिद्रं, आणि नंतर दोन दिवस खांदा दुखतो. पोट फुगवायला भरलेला कार्बन डायऑक्साइड छाती-पोटामधल्या श्वासपटलाला चुरचुरवतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं, हाडाचं काही नसतं.

स्टेंटची तारीख मात्र कार्डावर ठळक लिहून घ्यावी. तीन महिन्यांच्या आसपास प्लास्टिक गाळाने तुंबू लागतं. काढताना पुन्हा तोंडातूनच दुर्बीण, पण काम थोडक्यात: उरलेला खडा नसल्याची खात्री करून, आतड्यात डोकावणारं टोक तारेच्या फासात धरतात आणि ओढून बाहेर घेतात.