तक्रारीचा टाळ

आमची डाळिंबाची बाग तेल्याने गेली. आधी पानांवर तेलकट ठिपके, मग फळांवर, आणि ऐन तोडणीच्या तोंडावर फळं डागाच्या जागीच तडकायला लागली. जिवाणूचा रोग. ओल्या हवेत एकदा पसरला की कितीही फवारा, हाताला लागत नाही. शेवटी जेसीबी लावून झाडं मुळासकट काढली आणि पेटवून दिली. सोसायटीचं कर्ज मात्र उभंच राहिलं. त्यानंतर संध्याकाळी हरिपाठाला बसायचे तेव्हा ओठ हलायचे, मन कोरडं ठाक. गीतेच्या ९व्या अध्यायात देवाने शब्द दिलाय, अनन्यभावाने मला भजणाऱ्यांचा योगक्षेम मी वाहतो. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ. मग आमचा योगक्षेम कुठे अडला?

आम्ही सांगोल्याकडचे, पंढरपूर अगदी उशाला. तरी आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, मला वारीसाठी आळंदीला धाडलं. "इथून गेलीस तर सकाळी जाशील नि संध्याकाळी येशील. लांबून ये," एवढंच म्हणाल्या. त्या वर्षानुवर्षं चालल्या ती दिंडी माउलींच्या रथामागची. त्यांचीच जागा मला मिळाली.

आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. पुण्यापर्यंतचं फारसं आठवतच नाही, गर्दी आणि दुखणारे पाय एवढंच. दिवे घाटात लोक वळून वळून खालच्या वाटेवरचे झेंडे बघत होते, मी मान वर केली नाही.

सासवडच्या मुक्कामात कीर्तन होतं. महाराजांनी विठ्ठलाच्या कमरेवरच्या हातांचा अर्थ सांगितला. माझ्या भक्तांना भवसागर एवढाच, कमरेइतकाच खोल आहे, असं देव हातांनी दाखवतो. जुना दाखला, लहानपणापासून ऐकलेला. त्या रात्री मला तो सहन झाला नाही. दुसऱ्या दिवशी जेजुरीच्या वाटेवर आमच्या वीणेकरी बाबांना म्हटलं, "बाबा, कमरेइतकं पाणी देवाला असेल. माझ्या तर नाकातोंडात गेलंय."

ते हसले नाहीत. थोडं चालून म्हणाले, "माउली, कंबर त्याचीच आहे. पण तो त्याच पाण्यात उभा आहे ना? मग धरा की."

यावर मी काही बोलले नाही. पटलं असंही नाही. पण त्या दिवसापासून मी बाबांच्या जवळपास चालू लागले आणि वीणेकडे नीट बघू लागले. दिंडी चालत असताना वीणा खाली टेकवत नाहीत. बाबांचा खांदा भरून आला की दुसरा माळकरी पुढे येतो. दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. अभंग मध्ये तुटत नाही. थकलेला माणूस बाजूला होऊन नुसता चालतो, गायचं काम तेवढा वेळ दुसऱ्याचं. माझ्या तोंडून नाव निघत नव्हतं त्या दिवसांत माझ्या पुढे-मागे शेकडो जण तेच नाव घेत होते, आणि मी त्यांच्या मधोमध चालत होते. नीरेत पादुकांना स्नान घातलं तेव्हा मी पहिल्यांदा इतरांच्या बरोबरीने आवाज काढला, तोही हळूच.

लोणंदच्या तळावर जे बघितलं ते सविस्तर सांगायला हवं. मुक्कामाच्या ठिकाणी पालखी पोचली की समाज आरती होते. सगळ्या दिंड्या तळावर पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळमृदंगांचा कल्लोळ चालू असतो. मग चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, वर करतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती गप्प होत नाही, टाळ वाजवत राहते. त्या संध्याकाळी डाव्या अंगाला एक दिंडी अशी वाजत राहिली. मुक्कामाच्या जागेची काही अडचण होती. चोपदार तिच्याकडे गेले, ऐकून घेतलं, तोड काढली. मग ते टाळ थांबले. हरवल्या-सापडल्याची यादी झाली, उद्या पालखी किती वाजता हलणार ते सांगितलं, आणि आरती सुरू झाली.

मी तिथेच रडले. माउलींच्या समोर तक्रार करायला रीतसर जागा आहे! तीही दिंडी सोडून जाऊन नव्हे, गोलात उभं राहून, ज्या टाळावर त्याचं नाव घेतलं तोच टाळ वाजवून. आणि तिचं ऐकून घेतल्याशिवाय आरती होत नाही. मला वाटत होतं, प्रश्न पडला म्हणजे श्रद्धा संपली. आमच्या संतांनी असं कधी मानलंच नाही. जनाबाई विठोबाला शिव्या घालते. तुकोबांनी १६३०च्या सुमाराचा दुष्काळ सोसला, अन्नावाचून बायको गेली, व्यापार बुडाला, अब्रू गेली. हे सगळं त्यांनी स्वतः अभंगात लिहून ठेवलंय. आणि देव हात धरून आपल्याला चालवतो हेही त्याच माणसाने सांगितलं. हे बोल सुखातल्या माणसाचे असते तर मला त्यांचा काडीचा आधार वाटला नसता.

तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावला. माउलींचा अश्व गेल्यावर टापांखालची माती मीही कपाळाला लावली. वेळापूरच्या उतारावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. तिथे सगळे धावतात. म्हातारी माणसंसुद्धा धोतर सावरत धावतात. मीही धावले, आणि मला ओरडून विठ्ठलाचं नाव घेता आलं.

पंढरपुरात दर्शनाची बारी कुठल्या कुठे गेली होती. चंद्रभागेत स्नान केलं, नामदेव पायरीशी डोकं टेकलं, कळसाला हात जोडले. माझी तक्रार पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. तेल्या, जाळलेली झाडं, हप्ता, रात्री न झोपणारा नवरा, काही गाळलं नाही. मग म्हटलं, तू उभा आहेस, मी धरलंय.

बागेच्या रानात यंदा हिरवळीचं खत म्हणून ताग गाडलाय. जमिनीला वर्षभर विश्रांती देऊ, मग डाळिंब पुन्हा लावायचं की नाही ते बघू. हप्ता अजून थकलेलाच आहे. रात्री हरिपाठाला आता नवराही येऊन बसतो. आत्या म्हणतात, पुढच्या वर्षी त्याही येणार. गुडघ्यांमुळे चालवणार नाही, म्हणून दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये बसतील आणि समाज आरतीला तेवढ्या खाली उतरतील.