पडक्या वाड्यांची वही : कार्तिक ते फाल्गुन

पडके, बंद वाडे आतून-बाहेरून पाहायचे, तपासायचे आणि त्यांचा आराखडा काढायचा, हा आमच्या गटाचा छंद. सातारा जिल्ह्यातल्या एका दुचौकी (दोन चौकांच्या) वाड्याच्या मालकांनी होकार दिला आणि या हंगामाचं सगळं काम त्या एकाच वाड्यात झालं. गावाचं नाव देत नाही. ओळख पटेल असं छायाचित्रही टाकत नाही. कोरीव खांब, महिरपी, गणेशपट्टीची चौकट यांना शहरात गिऱ्हाईक तयार असतं. अमुक गावात बंद वाडा आहे एवढं चार लोकांच्या कानावर गेलं की लाकूड हलायला वेळ लागत नाही. या छंदात नव्यानं येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की जागा जपा.

कार्तिक

मालक आजोबा पुण्यात असतात. आम्ही काय करणार, आराखडा कसा काढणार हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “किती जण जाणार? आणि सगळे सुखरूप बाहेर आलात हे मला कोण कळवणार?” त्या प्रश्नावरून आमच्या गटाचा नियम ठरला. तिघांपेक्षा कमी जण असतील तर जायचं नाही, आणि त्यातला एक कायम बाहेर थांबणार. त्याच्याकडे आत गेलेल्यांची नावं, बाहेर यायची वेळ आणि शिट्टी. ठरलेल्या वेळेवर पाव तास उलटला तर तो आत येत नाही, गावात जाऊन माणसं बोलावतो. जाड भिंतींच्या आत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे ही जबाबदारी फोनवर सोपवता येत नाही.

संमती कागदावर, सहीनिशी घेतली. बंद वाडा म्हणजे बेवारस वाडा नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली दुसऱ्याच्या घरात बेकायदा शिरणं हा गुन्हा ठरू शकतो. या वाड्याची मागची भिंत कोसळली आहे, तिथून कुणालाही आत जाता येतं. तरी आम्ही दर वेळी किल्ली घेऊन दिंडी दरवाजातूनच आत गेलो. आधी पोलीस पाटलांना भेटलो, मग सरपंचांना. शेजारच्या काकूंकडे चहा घेतला.

हे शिष्टाचारापुरतं नाही. पडक्या वाड्यात परगावची माणसं बॅटऱ्या घेऊन फिरताना दिसली की गावाच्या मनात पहिला विचार गुप्तधनाचा येतो आणि त्यामागोमाग भीती येते. २०१८ च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. अनोळखी माणसानं गावात उजेडी, उघडपणे आणि कुणाच्या तरी ओळखीनं जावं. जमिनीत काही सापडलंच तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. आम्ही तर खणतच नाही, हलवतही नाही. दाराची कडीसुद्धा होती तशीच राहते.

पहिल्या फेरीत आत पाऊल टाकलं नाही. दुर्बीण घेऊन बाहेरून वाड्याला प्रदक्षिणा घातली आणि फक्त एकच गोष्ट शोधली, पाणी कुठून शिरलंय ती.

मला या छंदातलं सगळ्यात महत्त्वाचं ज्ञान हेच वाटतं. वाडा वयानं पडत नाही, पाण्यानं पडतो. जोतं घडीव दगडाचं असतं, ते तीनशे वर्षं हलत नाही. त्यावरची भिंत पांढऱ्या मातीची किंवा कच्च्या विटांची, आणि ती माथ्यावर छप्पर आहे तोवरच भिंत. चार कौलं सरकली की पाणी भिंतीच्या माथ्यातून पोटात उतरतं. सोलापूर-मराठवाड्याकडच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांतही हेच होतं. धाब्यावरची माती वेळच्या वेळी नवी घालून चोपायची असते, ते काम थांबलं की गळती सुरू. म्हणून घर किती जुनं आहे यापेक्षा छपराची शेवटची डागडुजी कधी झाली, हे विचारा. आमच्या वाड्यात काकूंनी बोट दाखवून सांगितलं, “त्या कोपऱ्याची कौलं वानरांनी काढली, तवापास्नं तिथं धार लागती बघा.” ईशान्येचा तो कोपरा आम्ही आराखड्यावर लाल केला. पुढं जे जे धोकादायक निघालं, त्यातलं बहुतेक त्या लाल खुणेच्या आसपासच होतं.

मार्गशीर्ष, पौष

दिवाळीनंतर लगेच आत जायची घाई करू नका. पावसाळाभर पाणी प्यायलेली मातीची भिंत जड झालेली असते, वाळताना आकसते, भेगा तेव्हा उघडतात. आम्ही मार्गशीर्षापर्यंत थांबलो. तोवर गवतही बसलं होतं आणि पायाखालचं दिसू लागलं होतं.

परदेशी व्हिडिओंमध्ये एक सल्ला हमखास मिळतो : लाकडी मजल्यावर चालताना भिंतीच्या कडेनं चाला, कारण तिथं तुळयांना आधार असतो. आपल्या वाड्यांत हा सल्ला डोळे मिटून पाळला तर जिवावर बेतेल. आपली तुळई किंवा कडी (फळ्यांखालचं आडवं बारीक लाकूड) जिथं भिंतीत शिरते तिथंच ती आधी कुजते. ओल भिंतीत साठते, वारा लागत नाही, वाळवी मातीतूनच वर येते. मधला भाग सागाचा, काळाभोर, खणखणीत आणि भिंतीत दडलेला टोकाचा वीतभर भाग संपलेला, असं वारंवार दिसतं.

सोप्यातल्या तिसऱ्या खणाखाली (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा) उभं राहून आम्ही हे नीट तपासलं. तुळईच्या मध्यावर पेचकसाच्या मुठीनं ठोकलं तर टणक आवाज आला. भिंतीकडे सरकत गेलो तसा आवाज बद्द होत गेला. शेवटच्या टोकाला पेचकस नुसता टेकवला तर तो ओल्या साबणात शिरावा तसा मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा टोकाला तपकिरी भुसा आणि दोन पांढऱ्या वाळव्या होत्या. तुळईच्या अंगावर बाहेरून एकही भोक नव्हतं. भिंतीवरून वर गेलेली मातीची एक बारीक नळी तेवढी होती, बोरूनं ओढलेल्या रेघेएवढी.

माडीवर उभं राहून हे कळायला काहीच मार्ग नसतो. कडीपाटाच्या फळ्यांवर मातीचा थर, त्यावर चुन्याचा कोबा. वरून बघितलं तर जमीन सपाट आणि शाबूत दिसते, खालची फळी मात्र गेलेली असते, आणि सगळा भार त्या मातीच्या थरानं आपल्याच जोरावर पेललेला असतो. त्यामुळे आमच्याकडे माडीचं परीक्षण खालून होतं. खालून प्रत्येक खणाला हिरवी, पिवळी किंवा लाल खूण होईपर्यंत वर कुणी जात नाही. या वाड्यात वर जायचा जिना भिंतीच्या जाडीतून गेलेला आहे, म्हणून त्या भिंतीचीही तपासणी लागली.

तिथंच ती भेग सापडली. जिन्याच्या तोंडाशी, खाली केसाएवढी, वर बोट जाईल एवढी. भेग वर रुंद होत गेली की भिंतीचा माथा बाहेर कलतोय अशी शंका घ्यावी. भेग जुनी आणि थांबलेली आहे की अजून चालते आहे, हे डोळ्यांना कळत नाही. त्यावर उपाय साधा आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंची धूळ ब्रशनं साफ केली, गिलावा घट्ट आहे ना ते पाहिलं आणि भेगेवर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची बारीक पट्टी बसवली. पट्टीवर तारीख लिहिली. प्लास्टर ताणाला अजिबात टिकत नाही, भिंत जरा हलली तरी पट्टी तुटते. मालकांना विचारूनच हे करावं, आणि जुनं चित्र किंवा रंगकाम असलेल्या भिंतीवर मुळीच करू नये.

माघ

पट्टी तुटली. बरोबर भेगेच्या रेषेत, आणि दोन तुकड्यांमध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. पाऊस नाही, वादळ नाही, भिंत कोरडी, तरी ती चालते आहे. माडी आमच्यासाठी त्याच दिवशी बंद झाली.

गटातल्या दोघांना हे जड गेलं, कारण वर चित्रं असल्याचं आजोबांनी सांगितलं होतं. पण जिना त्याच भिंतीच्या पोटात आहे. आम्ही दुसरी वाट काढली. चौकाच्या मोकळ्या भागात, कुठल्याही भिंतीपासून तिच्या उंचीहून लांब उभं राहिलो आणि रंगाऱ्याच्या लांब दांड्याला मोबाइल बांधून गवाक्षातून आतलं चित्रीकरण केलं. पश्चिमेच्या भिंतीवर वेलबुट्टीचा पट्टा आणि कोनाड्याभोवती पोपटांची जोडी स्पष्ट दिसते. रंग टिकून आहेत. मालकांना हे चित्रीकरण पाठवलं. वाडा शेवटचा पाहिला त्यानंतर ती चित्रं त्यांनी पहिल्यांदाच बघितली.

दगडी भिंतीबद्दलही लिहायला हवं, कारण दगड दिसला की माणूस निर्धास्त होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात सर्वाधिक माणसं मेली ती अडीच-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली. अशी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात. आत एक थर, बाहेर एक थर आणि मधे माती-खडीची भर. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड घातलेले नसले तर मधली भर ओली होऊन खाली बसते आणि बाहेरच्या थराला पोट सुटतं. भिंतीला पोट सुटलेलं दिसलं की तिच्या सावलीतही थांबू नका. भेगेत पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर तो उपटूही नका. मुळांनी दगड फाकवलेले असतात आणि धरूनही ठेवलेले असतात.

जमिनीखालचं वेगळं. दुसऱ्या चौकातला आड पत्र्यानं झाकलेला होता, पत्र्यावर पाचोळा आणि पाचोळ्यावर घाणेरीची झुडपं. काकूंनी आधी सांगितलं नसतं तर तो दिसलाच नसता. आता आम्ही काठीनं पुढची जमीन ठोकल्याशिवाय परसात आणि चौकात पाऊल टाकत नाही. धान्याचं बळद, तळघर, पेव (माल साठवायचं जमिनीतलं कोठार) यांत उतरायचंच नाही, हा नियम कुणासाठीही मोडत नाही.

पेवाबद्दल सांगलीजवळच्या हरिपूरच्या लोकांकडून शिकावं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात हळद साठवायची पेवं होती, तोंड अरुंद, पोट मोठं, खोली वीस-पंचवीस फुटांपर्यंत. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. पेव काढायचं तर तोंड उघडून काही तास वारा लागू देत, मग कंदील सोडून बघत. कारण बंद जागेत कुजणारा माल प्राणवायू खातो आणि कर्बवायू (कार्बन डायऑक्साइड) सोडतो. कर्बवायू हवेपेक्षा दीडपट जड, तो तळाशी बसून राहतो, त्याला रंग नाही, वास नाही. मोकळ्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली गेला की जागा असुरक्षित समजतात, १० च्या आसपास माणसाची शुद्ध हरपते. कंदील विझला तर धोका नक्की, पण कंदील तेवत राहिला म्हणून जागा सुरक्षित ठरत नाही, कारण माणसाला त्रास होऊ लागल्यावरही ज्योत काही काळ टिकते. अशा जागी अनेकदा एकाच्या जागी दोघं-तिघं दगावतात, कारण पडलेल्याला काढायला दुसरा तसाच उतरतो. आत कुणी कोसळलं तर वरूनच दोरानं ओढायचं, अग्निशमन दलाला बोलवायचं, स्वतः उतरायचं नाही.

फाल्गुन

शेवटच्या फेरीत नगारखान्याच्या कमानीखाली आग्यामोहोळ लागलेलं दिसलं. काम तिथंच थांबवून परतलो. अत्तर, सुगंधी तेल, धूर, मोठा आवाज, ड्रोनची घरघर यांतलं काहीही माश्यांना उठवायला पुरतं. माश्या उठल्या तर जमिनीवर पडून राहू नये, तोंड-डोळे झाकून शक्य तितकं लांब, बंद गाडीत किंवा घरात पळावं.

सापांबद्दल थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही आपल्याकडे आहेत आणि चारही पडक्या भिंतीच्या दगडांत राहतात. दिसत नाही तिथं हात घालायचा नाही. दंश झालाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, अवयव हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळतं, जवळचं कुठलं हे निघण्याआधी विचारून ठेवा. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन उपयोगी पडतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं, तेव्हापासून कोकणात कितीतरी जीव वाचले. पण औषध वेळेत मिळायला हवं, म्हणून “बघू सकाळी” म्हणायचं नाही. वटवाघळांची विष्ठा साचलेल्या खोलीत एन-९५ मुखपट्टीशिवाय जाऊ नका आणि ती झाडू नका, धुळीतून बुरशी फुप्फुसात जाते. जुन्या सिमेंट-पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते तोडायचे किंवा घासायचे नाहीत. बाकी सामान नेहमीचंच : हेल्मेट, खिळा आरपार जाणार नाही असा जाड तळाचा बूट, हातमोजे, माणशी दोन बॅटऱ्या. धनुर्वाताची लस चालू मुदतीत असावी.

मुंबईतल्या बंद गिरण्यांबद्दल काही जण विचारतात. १९८२ च्या संपानंतर ओस पडत गेलेल्या त्या आवारांचं आकर्षण मलाही आहे. पण २०१३ साली शक्ती मिलच्या आवारात छायाचित्रं काढायला गेलेल्या एका पत्रकार मुलीवर जे अत्याचार झाले, ते आपण कुणीच विसरता कामा नये. तिचा सहकारी सोबत होता, उजेड मावळायचा होता. शहरातल्या ओसाड जागेत माणसाचा धोका भिंतीहून मोठा असतो. मालकाची परवानगी आणि त्यांचा रखवालदार सोबत, यांशिवाय आमचा गट तिथं जात नाही.

पुढचं काम असं. तळमजल्याचा आराखडा बहुतेक पूर्ण आहे, ईशान्येचा कोपरा बाहेरून मोजून भरायचा आहे. त्यासाठी लेझर मोजपट्टी लागेल. भेगेची छायाचित्रं, पट्टीची तारीख आणि लाल खुणांचा नकाशा आजोबांना दिलाय. जुन्या लाकूडकामातला एक जाणकार सुतार त्यांच्या ओळखीचा आहे, तो चैत्रात येऊन जिन्याच्या भिंतीला टेकू देता येतो का ते बघणार आहे. त्यानं होकार दिला तर पोपटांच्या भिंतीपर्यंत जायचं बोलू. वळवाची पहिली सर आली की वाडा बंद, किल्ली पोलीस पाटलांकडे.