आठ वाघिणी

मुलाने जर्मनीहून नातीसाठी आगगाडी आणली. खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान, दोन रुळांत अंतर जेमतेम साडेसोळा मिलिमीटर. दुपारी जेवणं झाल्यावर दिवाणखान्यात फरशीवर रुळांचा गोल जमवला. गाडी निघाली तेव्हा नातीने टाळ्या पिटल्या. चौथ्या फेरीला म्हणाली, "आबा, ही कुठे चाललीय?"

"कुठे नाही. फिरतेय."

"मग कशाला?" असं म्हणून ती चिवडा खायला निघून गेली. आम्ही दोघं बाप-लेक मात्र आणखी अर्धा तास गाडी फिरवत बसलो होतो, ते जाऊ दे.

तिचं म्हणणं मला पटलं, कारण माझं निम्मं लहानपण कुर्डुवाडीत गेलं. आत्याचं क्वार्टर यार्डाला लागून. एकीकडे मोठी लाइन, दुसरीकडे बार्शी लाइटची अडीच फुटी. छोट्या गाडीतली पोती हमाल पाठीवर घेऊन मोठ्या गाडीत टाकायचे. मेल धाडधाड निघून जायची, तिच्याकडे आम्ही ढुंकूनही बघत नसू. आमचा जीव शंटिंगमध्ये. भर उन्हात एक इंजिन पुढे जायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे जायचं. डबे एकमेकांना भिडले की खण्‌-खण्‌-खण्‌ असा आवाज शेवटच्या डब्यापर्यंत पळत जायचा.

"मागे जायचंय तर पुढे का जातोय?" मी विचारायचो.

"मधली वाघीण काढायचीय," आत्याचे यजमान सांगायचे. पुढे बरीच वर्षं त्या डब्यात खरोखरची वाघीण असते अशी माझी समजूत होती. अजूनही पेपरात 'मालगाडीच्या सात वाघिणी घसरल्या' असं वाचलं की क्षणभर माझ्या डोळ्यांपुढे पट्टे येतात.

या सगळ्याचा सूत्रधार शंटिंग जमादार. इंजिनाच्या पायरीवर एका हाताने लटकलेला. डबे सोडवायला तो बफरांच्या मधून वाकून आत शिरायचा, साखळी काढून बाहेर यायचा आणि उजवा हात वर करायचा. अंगठा आणि दोन बोटं. आम्ही पोरंही करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुडपून तसाच हात करायचो. रेल्वेची खूणच ती. त्याशिवाय आमची खाटांची गाडी हलत नसे.

तर, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायला जास्तीचे दोन सांधे मागवले. ॲलन राइट नावाच्या एका इंग्रजाने शंटिंगचा एक झकास खेळ करून ठेवलाय. तीन सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ. एकात पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघांत तीन-तीन. ज्या टोकाला इंजिन पुढे-मागे करतं तिथे इंजिन आणि तीन वाघिणी मावतात, बस्स. वाघिणी एकूण आठ. त्यातल्या पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि चिठ्ठीत येतील त्याच क्रमाने पाचांची गाडी लावायची. वाटतं सोपं. पण पाचांची ही रांग ६७२० तऱ्हांनी लागू शकते, तेव्हा पावसाळ्याची सोय झाली.

वाघिणींवर नातीने कागद चिकटवले. साखर, तूर, कोळसा, सिमेंट, शेंगदाणे, डाळिंबं, मीठ आणि 'आजीची साडी'. चिठ्ठ्या चहाच्या रिकाम्या डब्यात. ती स्टेशन मास्तर, मी ड्रायव्हर. वाघिणीला हात लावायचा नाही, सोडवायची ती वाकवलेल्या तारेने. हात लावला की गाडीला दहा मिनिटं लेट मार्क. आणि गाडी हलवायच्या आधी तीन बोटांची खूण, तीही शिकवली.

पहिल्याच डावात आजीची साडी सगळ्यात मागे अडकली. तिच्यापुढे कोळसा आणि तूर. दोन्ही काढल्या तर ठेवायला जागा नाही. वीस मिनिटं झाली. चिवडा विसरून ती पालथी पडून सांध्याकडे बघत होती. कोणाचं लक्ष नाही असं बघून मी साडीची वाघीण चिमटीत धरली.

"आबा, हात!"

"चुकलं."

"हात का नाही लावायचा पण?"

"नियम आहे," मी म्हणालो.

ती उठली, मास्तरासारखी ताठ उभी राहिली आणि करंगळी अन्‌ शेजारचं बोट नीट मुडपून तिने हात वर केला. मी त्या हाताकडे बघत राहिलो. इतकी वर्षं. जमादारांची ती दोन बोटं मुडपलेली नव्हतीच.

"आबा, गाडी सोडा ना," ती म्हणाली.