प्रद्युम्नसाहेब गेले, साटम आहेत

रामनवमी आमच्या नाशिकच्या डेस्कवर सहसा आधीच आखलेली असते. काळारामाच्या देवळातला दुपारी बाराचा जन्मोत्सव, दोन दिवसांनी कामदा एकादशीला निघणाऱ्या रामरथाची नि गरुडरथाची तयारी, वाहतुकीतले बदल. २०२५ ची रामनवमी ६ एप्रिलला, रविवारी आली. त्याच दिवशी रामेश्वरमला पंतप्रधानांच्या हस्ते नव्या पांबन पुलाचं उद्घाटन होतं, त्यामुळे पहिल्या पानाचीही काळजी मिटलेली. अशा दिवशी ऑफिसात फोन येतात ते मिरवणुकीचा मार्ग विचारायला, नाहीतर आमच्या मंडळाचा फोटो का नाही म्हणून भांडायला.

त्या रविवारी फोन येत होते ते एसीपी प्रद्युम्न खरंच गेले का, हे विचारायला.

झालं होतं असं की सोनी वाहिनीने ‘सीआयडी’तल्या एसीपी प्रद्युम्नचा फोटो टाकून सोबत १९९८ ते २०२५ अशी सालं छापली होती. एका पर्वाचा अंत, न विसरता येणारी हानी, असा मजकूर. कथेत बार्बोसा नावाच्या गुन्हेगाराने (तिग्मांशू धुलिया) डाव साधला आणि बॉम्बस्फोटात एसीपींचा शेवट झाला, एवढीच गोष्ट. पण फोटो तर शिवाजी साटमांचा! आपल्याकडे माणसाच्या फोटोबरोबर दोन सालं आली की दुसरं काही वाचायची गरजच उरत नाही. ती पोस्ट व्हॉट्सॲपवर हातोहात फिरताना वाहिनीचं नाव कुठेतरी गळलं, कुणी फोटोला हार घातला, कुणी खाली समई लावली, आणि मी दुपारी ऑफिसला पोचले तोवर आमच्या तालुका वार्ताहरांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली होती.

माझी पंचाईत आणखी निराळी. साटम २१ एप्रिलला पंचाहत्तर वर्षांचे होणार होते आणि त्याच्या आदल्या रविवारच्या पुरवणीत त्यांच्यावर लेख द्यायचं माझ्याकडे होतं. टिपणं काढून झाली होती. सेंट्रल बँकेतली कॅशियरची नोकरी, आंतरबँक नाट्यस्पर्धेत अभिनेते बाळ धुरींनी त्यांना हेरणं, मग ‘संगीत वरद’ हे नाटक, पुढे मुंबई दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’ ही पोलीस मालिका. ही शेवटची नोंद मला फार महत्त्वाची वाटत होती. बी. पी. सिंग यांनी ‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ ला सुरू केली खरी, पण साटमांना त्यांनी पोलीस केलं ते त्याच्या कितीतरी आधी, मराठीत. म्हणजे एसीपी प्रद्युम्नचं मूळ आपल्या दूरदर्शनच्या वरळीच्या इमारतीत आहे, असं मी मोठ्या तोऱ्यात लिहून ठेवलं होतं.

ते सगळं बाजूला ठेवून मुंबई ब्यूरोतल्या सिनेमा बघणाऱ्या सहकाऱ्याला फोन लावला. तो वैतागलेलाच होता. “अगं, मालिकेत गेलेत. साटम सुट्टीवर आहेत. त्यांनी स्वतःच पत्रकारांना तसं सांगितलंय. सकाळपासून हेच बोलतोय मी.” फोन ठेवतो न ठेवतो तोच ऑपरेटरने पुढचा जोडून दिला.

पलीकडे एक निवृत्त हवालदार होते. आवाज भरदार, बोलणं अगदी ठाण्यात वर्दी दिल्यासारखं.

“ताई, साहेब गेले म्हणतात. खरं का?”

“कोण साहेब, काका?”

“अहो, प्रद्युम्नसाहेब.”

“नाही हो काका. मालिकेत तसं दाखवलंय. शिवाजी साटम ठणठणीत आहेत.”

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग विचारलं, “साटम कोण?”

मी त्यांना सांगितलं की ज्यांना तुम्ही प्रद्युम्नसाहेब म्हणता ते साटम, नट आहेत. तर ते जरा रागावलेच. “ते नट आहेत हे मला कळतं ताई. तीस वर्षं खात्यात काढली मी. सीआयडीत एसीपी नसतोच. एसीपी आयुक्तालयात. सीआयडीला डीवायएसपी असतो, आणि ऑफिस पुण्याला. पहिल्या दिवसापासून आमच्या घरात सांगतोय मी हे. आणि दरवाजा तोडायला आधी पंच लागतात.” मग आवाज खाली आला. “पण माझ्या सूनबाईच्या पोरांना मी खात्यात काय करत होतो ते त्या मालिकेमुळं कळलं. म्हणून विचारलं, की साहेब गेले का.”

मला खरं तर कामाची घाई होती. पण त्यांचं पुढचं वाक्य मी टिपणवहीत उतरवून घेतलं. “मग बातमी अशी द्या ताई, की मेले कोण नि जिवंत कोण ते पहिल्या ओळीत कळलं पाहिजे. खाली नको. खाली कोण वाचतं?” आमच्या वृत्तसंपादकांनी इतकी वर्षं जे कानीकपाळी ओरडून सांगितलं, ते यांनी फुकटात सांगितलं.

संध्याकाळी मथळ्यावरून जुंपली. वेबवाल्या पोराचा मथळा तयार होता: ‘एसीपी प्रद्युम्न यांचं निधन, चाहत्यांवर शोककळा’. मी म्हटलं, हे टाकलंस तर उद्या साटमांच्या घरी माणसं पांढरे कपडे घालून जातील. तो म्हणाला, मॅडम, निधन प्रद्युम्नचं म्हटलंय, साटमांचं कुठे? कायद्याने बरोबर, पण ज्याला क्लिक हवेत त्याचा कायदा मला नको होता. वृत्तसंपादक म्हणत होते, सिंगल कॉलम, ‘मालिकेतील प्रद्युम्नचा मृत्यू’, विषय संपला. कल्पित पात्राला निधन कसलं आणि ‘यांचं’ कसलं? नियमाप्रमाणे त्यांचंही बरोबर. पण पान लावणारा आमचा आर्टिस्ट, जो एरवी मजकुरात कधी नाक खुपसत नाही, तो माऊस सोडून म्हणाला, “सर, ‘प्रद्युम्नचा’ नको. एकेरी बरं नाही वाटत.”

यावर कोणी हसलं नाही, हे मला आजही नवल वाटतं.

याच टेबलावर डिसेंबर २०२३ मध्ये दिनेश फडणीसांची बातमी लागली होती. ‘सीआयडी’तले फ्रेडरिक्स. तो मृत्यू खरा होता, वय अवघं सत्तावन्न, आणि तरीही त्या रात्री मथळ्यात फ्रेडरिक्स मोठे नि फडणीस लहान झाले होते. मला ते तेव्हा खटकलं होतं. जाणारा माणूस मराठी, आडनाव फडणीस, आणि आम्ही मराठी पेपरवाले त्याला फ्रेडरिक्स म्हणून निरोप देतो! पण फडणीस असं छापलं असतं तर निम्म्या वाचकांनी पान उलटलं असतं, हेही तितकंच खरं.

शेवटी मथळा ठरला: ‘मालिकेतले एसीपी प्रद्युम्न गेले, शिवाजी साटम ठणठणीत’. शेवटच्या पानावर दोन कॉलम. ‘गेले’ माझं, ‘ठणठणीत’ वृत्तसंपादकांचं. वेबवर काय गेलं ते मी बघितलं नाही. रक्तदाब जपते.

त्याच पानाच्या वरच्या अर्ध्यात रामनवमीनिमित्त अरुण गोविलांचा फोटो होता, खासदार म्हणून. १९८७-८८ ची ‘रामायण’ मालिका. २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखवली तेव्हा, ती पहिल्यांदा लागली त्या काळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता, ती पोरं टीव्हीपुढे बसली. आणि २०२४ मध्ये मेरठमधून गोविल लोकसभेवर गेले. पण रामाचं समजू शकतं. लोकांच्या मनात राम आधीपासून होता, गोविल त्या जागी जाऊन उभे राहिले. प्रद्युम्नला असं काही आयतं मिळालं नव्हतं. ना पुराण, ना कादंबरी. हवेत गोल फिरणारी बोटं, कपाळावर आठ्या आणि ‘कुछ तो गडबड है’. तेवढ्या भांडवलावर २०१८ पर्यंत दीड हजारांवर भाग निघाले. त्यातला २००४ चा एक भाग तर १११ मिनिटं न तोडता एकाच शॉटमध्ये चित्रित केलेला.

आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर ही त्यांची सर्वोत्तम भूमिका नव्हेच. ‘वास्तव’मधला बाप आठवा. पोरगा हातातून गेलाय हे कळलेला, घरात कोपऱ्यात बसणारा गिरणगावातला माणूस. किंवा ‘उत्तरायण’, जिथे उतारवयात शाळेतली मैत्रीण भेटल्यावर तो गृहस्थ किती कमी बोलतो ते बघण्यासारखं आहे. ‘दे धक्का’तले म्हातारबुवाही मला प्रद्युम्नपेक्षा जवळचे. पण हे सिनेमे आपण जाऊन, ठरवून पाहिले. प्रद्युम्न मात्र घरात येत राहिला. जेवताना, पाहुणे आले असताना, परीक्षेच्या आदल्या रात्री, दवाखान्याच्या बाहेरच्या बाकासमोर टांगलेल्या टीव्हीवर. त्या माणसाचा चांगला अभिनय बघायला कोणी बसत नव्हतं, त्याची हजेरी लागली की झालं. बँकेत कॅशियर रोज त्याच खिडकीत बसतो, तसं. त्याचं नाव विचारायची वेळच येत नाही.

सोमवारी फोन आले ते बहुतेक सुटकेचे. एक बाई मात्र चिडल्या होत्या, की ठणठणीत आहेत तर मग मालिकेत मारलं कशाला? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वाहिनीकडेही फार काळ नसावं. नव्या एसीपींच्या भूमिकेत पार्थ समथान आले आणि पुढे प्रद्युम्नसाहेब मालिकेत परतलेही. ती बातमी आम्ही चार ओळींत दिली. मेलेला माणूस जिवंत झाल्याची बातमी कुठल्या पानावर लावायची, यावर चर्चा करायला त्या दिवशी कोणाला वेळ नव्हता.

२० एप्रिलच्या पुरवणीतला लेख मी मुळातून बदलला. आधी तो बँक, नाटक, दूरदर्शन असा क्रमाने चालला होता. आता सुरुवात त्या हवालदारकाकांपासून केली, नाव-गाव न देता. मथळ्यात ‘शिवाजी साटम’ मोठ्या टाइपात घेतलं आणि प्रद्युम्नला खालच्या ओळीत ढकललं. हा माझा हट्ट. काकांचा फोन आला. लेख आवडला म्हणाले, पण फोटो चुकीचा लावलाय, साहेबांच्या अंगात कोट पाहिजे होता.

त्याच वर्षी २८ ऑगस्टला बाळ कर्वे गेले. पंच्याण्णव वर्षांचे होऊन तीनच दिवस झालेले. दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन होतं, पानं फोटोंनी ठासून भरलेली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव नि कर्व्यांचे गुंड्याभाऊ ज्या पिढीने पाहिले, त्या पिढीला दुसरा गुंड्याभाऊ चालतच नाही. त्याआधी १९४० च्या ‘लग्न पहावे करून’मध्ये विष्णुपंत जोगांनी तो केला होता, पण तेही आता अभ्यासकांपुरतं उरलंय. वृत्तसंपादकांनी, त्याच नियमवाल्या माणसाने, क्षणाचाही विचार न करता मथळा सांगितला: ‘गुंड्याभाऊ गेले’. यावेळी कोणाचा वाद नाही, एकेरी-बहुवचनाचा प्रश्न नाही.

वेबवाल्या पोराने तो टाइप केला, थांबला, आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “मॅडम, गुंड्याभाऊ कोण?”

तो तेवीस-चोवीस वर्षांचा. त्याचा काय दोष? मी त्याला चिमणराव-गुंड्याभाऊ लिहिणाऱ्या चि. वि. जोशींबद्दल सांगायला लागले, तेवढ्यात वृत्तसंपादकांनी पलीकडून आवाज दिला की सांगत बसू नकोस, चौकट कर. मग विसर्जनाचा एक फोटो काढून तिथे दहा ओळींची चौकट बसवली. चिमणराव कोण, गुंड्याभाऊ कोण, लेखक कोण. आणि पोराने विचारल्यावर मथळ्याखाली एक ओळ वाढवली: ‘ज्येष्ठ अभिनेते बाळ कर्वे यांचे निधन’. दहा वाजून गेले होते. पान सोडलं.